रस्त्यावर दिलेली माफी

अपघात झाला तेव्हा मी गाडीत मागे, नातीच्या खुर्चीजवळ बसले होते. गाडी आमचे हे चालवत होते. मुलगा यान्बूला साइटवर होता आणि सून इस्पितळात ड्यूटीवर. नातीला अपंग मुलांच्या सेंटरला नेणं-आणणं हे जेद्द्यात आम्हा दोघा म्हाताऱ्यांचंच काम होतं.

नात चौदा वर्षांची आहे. जन्मापासून तिचे हातपाय तिच्या ताब्यात नाहीत आणि तिला बोलता येत नाही. वजनाने ती आता जवळजवळ माझ्याएवढी झाली आहे. तिची खुर्ची तिच्या वाकड्या पाठीच्या मापाने बनवून घेतलेली आहे. ती मिटत नाही, म्हणून टॅक्सीच्या डिकीत जात नाही. मुलाने जुनी मोठी व्हॅन घेतली आणि वर्कशॉपमध्ये मागच्या दाराला उतरता पत्रा बसवून घेतला. दार उघडलं की पत्रा रस्त्यावर टेकायचा. खुर्ची ढकलत आत न्यायची, पट्टे आवळायचे आणि निघायचं. त्या व्हॅनमुळे पोरगी घराबाहेर पडायला लागली.

सेंटरमध्ये जागा मिळायला फार वाट बघावी लागली होती. तिथे तिच्या पायांना व्यायाम देतात, घास गिळायला शिकवतात. पण खरी गोष्ट वेगळी. त्यांनी तिला डोळ्यांनी हो आणि नाही म्हणायला शिकवलं. वर बघितलं की हो, डोळे मिटले की नाही. एवढंच, पण ते तिला तेरा वर्षं येत नव्हतं. तेरा वर्षं ती किंचाळायची आणि आम्ही अंदाज बांधायचो, भूक लागली असेल, पोटात दुखत असेल, लंगोट भिजला असेल. कधी बरोबर यायचं, बहुतेक वेळा चुकायचं. आता चित्रांच्या फळीवरून डोळ्यांनी वस्तू दाखवायला शिकवत होते.

त्या दिवशी सकाळी आम्ही मोठ्या रस्त्याच्या कडेच्या लहान रस्त्याने चाललो होतो. उजव्या गल्लीतून भाजीचे क्रेट भरलेला एक पिकअप न थांबता बाहेर आला आणि आमच्या मागच्या बाजूवर आदळला. व्हॅन फिरली आणि दिव्याच्या खांबाला लागली. खुर्ची एका अंगावर कलली, पण पट्टे तुटले नाहीत. पोरगी त्या पट्ट्यांत लोंबकळत किंचाळत होती. मी तिचं डोकं धरून बसले. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. हे मला नंतर कळलं, तेव्हा नाही.

म्हणून बाहेर काय चाललं होतं ते मी नीट बघितलं नाही. जे सांगते ते थोडं काचेतून दिसलेलं आणि बाकीचं आमच्या ह्यांच्या तोंडचं.

पिकअपवाला उतरला तो डोक्याला हात लावूनच. चाळिशीचा माणूस. ह्यांनी आधी हिंदीत शिव्या दिल्या. त्याने हिंदीतच माफी मागितली, पण मध्येच घाबरून आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटला. ते ऐकून ह्यांचा आवाजच बदलला. कुठल्या गावचा रे तू, असं विचारलं. तो गावाकडच्या आमच्याच खाडीच्या पलीकडचा निघाला. त्याच्या मामाचं घर ह्यांना माहीत. तिथून पुढे भांडण राहिलंच नाही, चौकशी सुरू झाली. आमच्या लोकांचं हे असंच असतं. परक्या मुलखात गाववाला भेटला की त्याने काय केलं ते मागे पडतं आणि तो कुणाचा कोण हे पुढे येतं.

त्याच्या पिकअपचा विमा संपलेला होता. ते त्याने स्वतःच सांगितलं. विम्याशिवाय ठोकलं म्हणजे सगळं नुकसान त्याच्या अंगावर येणार होतं आणि ते भरून देईपर्यंत त्याचं सगळं सरकारी काम बंद होणार होतं. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे वाढणार नाही, देशाबाहेर जाता येणार नाही आणि कफील, म्हणजे ज्याच्या नावावर तो इथे आहे तो मालक, ठेवून घेणार नाही.

तेवढ्यात मुरूर, म्हणजे इथले वाहतूक पोलीस आले. तरुण पोलीस होता. त्याने बघितलं, फोटो काढले, चूक पूर्णपणे पिकअपवाल्याची आहे असं सांगितलं. मग त्याने ह्यांना विचारलं, तुमचा हक्क घेणार की माफ करणार? इथे तसं विचारण्याची पद्धत आहे. माफ करण्याला तनाझुल म्हणतात. ज्याचं नुकसान झालं त्याने तनाझुल दिलं की दोघांमधलं प्रकरण संपतं. माफ करणाऱ्याला लोक मोठा मानतात.

हे म्हणाले, "माफ केलं. मुसामह."

पोलिसाने ह्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. पिकअपवाला ह्यांच्या हाताला बिलगून रडला. पोलिसाने मोबाइल पुढे केला, ह्यांनी त्यावर बोटाने सही केली. काचेतून मला ते सगळं लग्नातल्या भेटीगाठींसारखं दिसत होतं. इकडे पोरीच्या तोंडाला फेस येत होता.

घरी आल्यावर मी विचारलं, गाडीचं काय? हे एकदम निश्चिंत. म्हणाले, आपला विमा शामिल आहे, कंपनी भरून देणार, मग त्या गरिबाला कशाला मारायचं?

ते खोटं बोलत नव्हते. व्हॅन घेतली तेव्हा मुलाने जेवताना आम्हाला समजावून सांगितलं होतं. कायद्याला लागतो तो विमा वेगळा. तो फक्त समोरच्याचं नुकसान भरतो. आपण कुणाला ठोकलं तर त्याला मिळतं, आपल्याला काही नाही. आपल्याला कुणी ठोकलं तर त्याच्या विम्यातून घ्यायचं. पण ठोकणाऱ्याकडे विमाच नसला तर? तर त्याच्या मागे आपणच कोर्टात फिरायचं, मिळालं तर मिळालं. इथे अशा गाड्या थोड्या नाहीत. म्हणून मुलाने शामिल, म्हणजे पूर्ण विमा घेतला. समोरचा विम्याशिवाय असला, पळून गेला, तरी आपली कंपनी आपली गाडी भरून देते. पोरीची गाडी आहे, ती एक दिवस बंद राहून चालणार नाही, असं तो म्हणाला होता.

ह्यांनी त्यातलं नेमकं हे वाक्य लक्षात ठेवलं होतं आणि त्याच्या भरवशावर रस्त्यात माफी वाटली.

शुक्रवारी जमातीच्या लोकांत ह्यांचं फार कौतुक झालं. आपली माणसं राहतात त्या शराफियातल्या कुणाकुणाचे फोन आले. एकाने तर पेढे आणून दिले.

वर्कशॉपवाल्याने व्हॅन बघितली आणि मान हलवली. खालचा सांगाडाच वाकला होता. उतरता पत्रा ज्या बिजागऱ्यांवर होता ती बाजू आत गेली होती. दुरुस्त करण्यासारखं काही नाही, दुसरी गाडी बघा, म्हणाला. मुलगा यान्बूहून रजा टाकून आला आणि आम्ही तिघं विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो. मला घरी बस म्हणत होते. मी गेले.

काउंटरवर हैदराबादचा माणूस होता. त्याने कॉम्प्युटरमध्ये सगळं काढलं. मुलाशी इंग्रजीत बोलला. मुलाचा चेहरा पडत गेला. मी म्हटलं, मला कळेल असं सांग. मग तो हिंदीत बोलला.

त्याचं म्हणणं असं. समोरच्याकडे विमा नसला तरी आम्ही तुमची गाडी भरून देतो, हे खरं आहे. पण ते आम्ही आमच्या खिशातून दान देत नाही. तुम्हाला देतो आणि मग तुमच्या जागी उभे राहून त्या माणसाकडून वसूल करतो. त्याच्यावर तुमचा जो हक्क आहे तो आमच्याकडे येतो. पॉलिसीत लिहिलंय की आम्हाला विचारल्याशिवाय तो हक्क सोडायचा नाही. तुम्ही रस्त्यावरच सोडून दिलात.

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अम्मा, माफ करना आपका हक था. मगर उसके बाद हमारा हक भी खलास."

मी त्याला विचारलं, पोलिसाने माफीचं विचारलं तेव्हाच असं का नाही सांगितलं? तो म्हणाला, पोलिसाला तुमच्या पॉलिसीत काय आहे ते काय माहीत. तेही बरोबर. त्याच्यावर राग काढून उपयोग नव्हता. मुलाने अर्ज केला, तो नाकारला तेव्हा तक्रार केली, सरकारी कचेरीतही केली. त्याचं उत्तर कधी येईल ते कुणी सांगेना.

बाहेर आल्यावर मुलगा पार्किंगमध्ये नुसता उभा राहिला. हे म्हणाले, "मी अल्लाहच्या नावाने माफ केलं."

"मग अल्लाहच्या नावाने तिला पाठीवर घेऊन जा सेंटरला," मी म्हटलं. "जमातीत तुमचं नाव झालंय. त्या नावाला चाकं लागली असतील तर बघा."

मुलगा म्हणाला, "अम्मी, बस."

मी बस केलं. पण त्या दिवसापासून आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलायला लागलो.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगते. मोठी टॅक्सी बोलावली. ड्रायव्हर खाली आला, खुर्ची बघितली आणि यल्ला यल्ला, चला चला करत निघून गेला. दुसऱ्याने खुर्ची मागे आडवी घालायचा प्रयत्न केला, खुर्चीची डोकं टेकायची पाटी तुटता तुटता राहिली. अपंगांच्या गाड्या भाड्याने मिळतात, पण त्या आमच्या ऐपतीबाहेरच्या. सुनेने ओळखीच्यांना विचारलं. एकदा एका शेजाऱ्याने आपल्या गाडीतून पोरीला नेलं, खुर्चीशिवाय. सेंटरवाल्यांनी परत पाठवलं. खुर्चीशिवाय ती बसू शकत नाही, गिळू शकत नाही, घास श्वासनळीत गेला तर जबाबदारी कुणाची? त्यांचंही चूक नव्हतं. कुणाचंच चूक नव्हतं, हेच तेव्हा मला सगळीकडे ऐकायला मिळत होतं.

घरी तिचे पाय मी चोळत होते. सेंटरमध्ये बघून बघून जेवढं कळलं तेवढं करत होते. पण त्यांच्या हातात जी ताकद आणि जी जाण आहे ती माझ्या हातात नाही. हळूहळू गुडघे आवळायला लागले. आधी कपडे बदलताना पाय सुटायचे, आता दोघींनी मिळून जोर लावावा लागायचा आणि ती किंचाळायची. पण त्याहून वाईट दुसरं होतं. ती वर बघणं विसरायला लागली. पाणी हवं का विचारलं की नुसती बघत राहायची. मग किंचाळायची. मग आम्ही पुन्हा अंदाज बांधायचो. मिळवलेलं एक एक परत जात होतं आणि मी समोर बसून ते जाताना बघत होते.

सेंटरमधून सुनेला फोन आला. बाई चांगली होती, ओशाळून बोलली म्हणे. पण नियम नियम असतो. खूप मुलं वाट बघतायत. येत्या रविवारी आली नाही तर जागा दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल. सुनेने फोन ठेवला आणि ड्यूटीचे कपडे घालून निघून गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

मी मुलाला मुरूरच्या कचेरीत पाठवलं. दिलेलं तनाझुल परत घेता येतं का ते विचार म्हटलं. तो उत्तर घेऊन आला. आपण परत घेऊ शकत नाही. पण ज्याला माफ केलं तो स्वतः येऊन, गाडीचं नुकसान माझ्यावर आहे, ते माफ झालेलं नाही, असं कबूल करील तर नवीन नोंद करू. मग कंपनीलाही नाही म्हणता येणार नाही.

मुलगा म्हणाला, कोण असं करील? अब्बांनी दिलेला शब्द आपण कुठल्या तोंडाने परत मागायचा? ह्यांनी तर ऐकायलाच नकार दिला. मी म्हटलं, तोंड माझं आहे.

दुसऱ्या दिवशी जमातीतून पिकअपवाल्याच्या खोलीचा पत्ता काढून मी मुलाला शराफियात घेऊन गेले. त्याला खाली हॉटेलात बसवलं आणि एकटी वर गेले. एका खोलीत पाचसहा खाटा. एक जण कांदा चिरत होता, एक जण इस्त्री करत होता. पिकअपवाला मला बघून उठून उभा राहिला, ओळखलं. खाटेवरचे कपडे बाजूला करून मला बसायला जागा दिली. लिमलेटचा ग्लास दिला. घरच्या सगळ्यांची चौकशी केली. चाचांना रोज दुव्यात आठवतो म्हणाला.

मी सगळं सांगितलं. गाडी गेली, कंपनी देत नाही, का देत नाही, पोरीची जागा रविवारी जाणार. तू कचेरीत येऊन कबूल कर, असं सांगितलं.

त्याने माझ्या हातातला ग्लास घेऊन खाली ठेवला. मग म्हणाला, "चाची, दिलेली माफी परत मागताय?"

"हो. परत मागतेय."

"मग देताना कशाला दिली?"

"मी नाही दिली. म्हाताऱ्याने दिली. मी मागे तुझ्या कर्माने पोरीच्या तोंडाला आलेला फेस पुसत होते."

कांदा चिरणारा हसला. पिकअपवाला हसला नाही. त्याने मला शांतपणे समजावलं. कबूल केलं की कंपनी माझ्या मागे लागणार. मी भरू शकत नाही. मग माझी सगळी सरकारी कामं बंद. इकामा संपत आलाय, तो वाढणार नाही. कफील हाकलणार. गावी बायको, तीन मुलं आणि म्हातारी आई आहे. तुमची एक पोरगी आहे, माझ्याकडे पाच माणसं आहेत.

"तुझी पाच माणसं चालू शकतात," मी म्हटलं.

"खायला नसलं तर चालून कुठं जाणार?"

मला त्याचा राग यायला हवा होता, पण त्याच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते. मी एवढंच म्हटलं की एकदा येऊन बघ, काय मोडलंयस ते. तो बघायला येईन म्हणाला. मला वाटलं, घालवायला म्हणतोय.

पण तो आला. बुधवारी दुपारी केळी आणि संत्री घेऊन आला. हे उठून त्याला मिठी मारायला गेले, तो लाजून बाजूला झाला. मी त्याला पोरीच्या खोलीत नेलं. मी तिचे पाय सोडवत होते, तेच चालू ठेवलं. ती किंचाळली. तो दाराशीच उभा राहिला. फळांची पिशवी हातातच. बघायचं ते समोर होतं.

थोड्या वेळाने म्हणाला, "चाची, नुकसान माझ्या नावावर घेता येणार नाही. ते नका मागू. पण ही खुर्ची माझ्या पिकअपमध्ये मावेल. उभी बांधता येईल. पोरगी तुमच्या मांडीवर, पुढे. सकाळी मंडईचा माल टाकून मी मोकळा असतो. नेईन, आणीन."

माझ्या मनात त्याच वेळी हो आलं होतं. पण तोंडातून दुसरंच निघालं. "विमा काढलास?"

तो खाली बघायला लागला. अजून नव्हता काढला. भाजी टाकायला तसाच फिरत होता.

"मग तुझ्या गाडीत मी मांजर पण बसवणार नाही," मी म्हटलं.

हे मध्ये पडले. गरीब माणूस मदत करतोय, तू अपमान करतेस. मी म्हटलं, एकदा विम्याशिवाय फिरला म्हणून पोरगी घरात बसली. पुन्हा तसाच फिरला आणि कुणाला ठोकलं तर त्या घरात आणखी कुणी बसेल. तेव्हा पण तुम्हीच माफ करायला जाल.

तो फळं ठेवून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मुलाने सगळीकडे फोन केले. कुणाच्या मालकाची व्हॅन मिळते का, कुणाच्या शाळेची बस. सगळे हळहळले, गाडी कुणी दिली नाही. शनिवारी संध्याकाळी सून म्हणाली की सेंटरला फोन करून सांगून टाकू, नाहीतर ती जागा उगीच एक दिवस अडून राहील. सुनेने फोन हातात घेतला आणि परत ठेवला. मी म्हटलं, उद्या दुपारी कर. का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. आशा होती असं नाही. स्वतःच्या तोंडाने सांगायचं नव्हतं, एवढंच.

रविवारी सकाळी मी तिला रोजच्यासारखं तयार केलं. कशासाठी, असं सुनेने विचारलं नाही. केस विंचरले, सेंटरचा टी-शर्ट घातला. तिला तो टी-शर्ट ओळखू आला. ती दाराकडे मान वळवून बघत राहिली आणि मग किंचाळायला लागली, कारण आम्ही निघत नव्हतो.

खाली हॉर्न वाजला.

पिकअपची पुढची बाजू अजून तारेने बांधलेली होती. मागे भाजीचे क्रेट काढून जागा केली होती आणि गोधडी पसरली होती. तो खाली उभा होता, घामाने भिजलेला. मी जवळ गेले तसा त्याने न विचारता मोबाइल पुढे केला. विमा काढला होता. आदल्या दिवशी.

"कुठला?" मी विचारलं.

"समोरच्याचा, चाची. शामिल मला नाही परवडत. आणि ह्या डब्याला कोण देणार?"

मला ते कळत होतं. आता सगळंच कळत होतं. ह्याने कुणाला ठोकलं तर त्या माणसाला मिळेल. कुणी विमावाल्याने आम्हाला ठोकलं तर त्याच्याकडून आम्हाला मिळेल. पण ह्याच्यासारखाच कुणी, विमा संपलेला, गल्लीतून न थांबता बाहेर आला, तर आम्हाला कुणीही काही देणार नाही. ना ह्याची कंपनी, ना त्याची. ती खुर्ची गेली तर गेली. पोरीचं काही झालं तर तिला रस्त्यावरून उचलून न्यायचं आणि मग कोर्टात जायचं. मुलगा माझ्याकडे बघत होता. त्यालाही कळत होतं. तो म्हणाला, "अम्मी, तुम्ही सांगा."

घड्याळ पुढे चाललं होतं. पोरगी किंचाळत होती.

"बांध खुर्ची," मी म्हटलं.

मुलाने आणि त्याने खुर्ची वर चढवली, गोधडीत रुतवली, दोऱ्यांनी आवळली. मी पुढे बसले. त्यांनी पोरीला माझ्या मांडीवर दिलं, तिचे पाय वाकत नव्हते म्हणून ते दाराला टेकवून तिरके ठेवावे लागले. एक पट्टा दोघींना पुरत नव्हता. मुलाने घरातून आपली एक जुनी लुंगी आणून, ती फाडून तिला माझ्याशी बांधलं. मुलगा मागे खुर्ची धरून बसणार होता, पण मागे माणूस बसवला तर पोलीस अडवील म्हणून टॅक्सीने पुढे गेला. हे वर खिडकीत उभे होते. खाली आले नाहीत. मीही वर बघितलं नाही.

तिचं ओझं माझ्या मांड्यांवर आलं तेव्हा माझे पाय लगेच बधिर झाले. ती गप्प झाली. गाडी चालू झाली की ती गप्प होते, पहिल्यापासून. मी विचारलं, सेंटरला जायचं ना? ती माझ्याकडे बघत राहिली. वर बघितलं नाही, डोळेही मिटले नाहीत.

मोठ्या रस्त्यावर आलो. दोन्ही बाजूंनी गाड्या धावत होत्या, चकचकीत, धुळीच्या, पाण्याचे टँकर, शाळेच्या बस, डिलिव्हरीच्या मोटरसायकली. मी प्रत्येकीकडे बघत होते. ह्यातल्या कुणाचा विमा आहे आणि कुणाचा नाही, ते बाहेरून ओळखता येत नाही. उजव्या गल्ल्या एकामागून एक येत होत्या आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी मी पोरीचं डोकं छातीशी दाबून धरत होते.

सिग्नल सुटला. मागून कुणीतरी हॉर्न दिला.

"वाजवू दे त्याला," मी पिकअपवाल्याला म्हटलं. "तू सावकाश घे."